फिरावयास निघतांना कोणतें भिंग?

कॅमेरा घेतांना गृहस्थ जितका विचार करतो, त्याच्या चौथाईनेंहि तो भिंगाबद्दल करीत नाहीं. दुकानदार पेटीबरोबर जें देईल तें घरीं येतें. पुढें एखाद्या स्नेह्याजवळ लांब नळीचें भिंग दिसलें कीं मनाला हुरहूर लागते, आणि वर्षभरांत पिशवींत चार भिंगें जमतात. मग पिशवी जड म्हणून घरींच राहते, आणि मुलांचीं, वडीलधाऱ्यांचीं छायाचित्रें काढावयाचीं राहून जातात. रोज नेण्याजोगें एकच भिंग निवडावयाचें तर कोणतें, हा प्रश्न म्हणूनच निव्वळ हौशीचा नाहीं.

भिंगावर एक आंकडा कोरलेला असतो: २८, ३५, ५० किंवा ८५ मिलिमीटर. हें त्याचें नाभ्यंतर. आंकडा लहान तितका देखावा रुंद. मोठा तितका अरुंद आणि जवळ ओढलेला. हे आंकडे ३६ मिलिमीटर रुंद व २४ मिलिमीटर उंच अशा चौकटीस धरून आहेत. चौकट दीडपटीनें लहान असलेल्या कॅमेऱ्यांत ३५ चें भिंग ५० सारखें वागतें, एवढें खरेदीपूर्वीं विचारून घ्यावें. ऑस्कर बार्नाक यांनीं रचलेला लायका कॅमेरा १९२५ सालीं बाजारांत आला, तो ५० मिलिमीटरचें भिंग लावूनच. तेव्हांपासून पन्नासाला ‘स्वाभाविक’ म्हणण्याची चाल पडली. वास्तविक या चौकटीचा कर्ण सुमारें ४३ मिलिमीटर, म्हणजे ३५ आणि ५० यांच्या जवळजवळ मधोमध. पन्नासाचा मान थोडासा वहिवाटीचाहि आहे. मात्र आंरी कार्तिये-ब्रेसाँ यांच्यासारख्यानें आपलें बहुतेक काम त्याच भिंगावर केलें, ही गोष्ट वहिवाट म्हणून झटकून टाकतां येत नाहीं.

श्रोत्यांपैकीं ज्यांना पुण्याचा शनिवारवाडा ठाऊक आहे, त्यांनीं त्याच्या दिल्ली दरवाजापुढें हीं भिंगें लावून पाहावींत. दहा मीटरांवर उभें राहिलें असतां ३५ च्या भिंगांत सुमारें दहा मीटर रुंदी मावते, ५० च्या भिंगांत सात, आणि ८५ च्या भिंगांत चारच. पस्तिसाचा हिशेब लक्षांत ठेवण्यास फार सोपा: जितकें अंतर, तितकी रुंदी. दरवाजा बुरुजांसह घ्यावयाचा तर पन्नासवाल्यास बरेंच मागें सरावें लागतें. अठ्ठाविसाचें भिंग जवळूनच सारें घेतें. पण उंची साधण्याकरितां कॅमेरा वर वळविला, कीं दोन्ही बुरूज एकमेकांकडे कलून मागें पडत आहेत असें दिसतें. उलट, हत्तींना रोखण्यासाठीं दारावर ठोकलेले अणकुचीदार खिळे टिपावयास ८५ चेंच भिंग हवें. दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे. हिवाळ्यांत प्रकाश वाड्याच्या पाठीमागून, भिंगाच्या समोरून येतो. अशा वेळीं भिंगावर हुड नसेल तर तळहाताची सावली धरावी, नाहीं तर चित्रावर पांढुरकें धुकें पसरतें.

रुंद भिंग चेहरा बिघडवितें, अशी समजूत आहे. खरें पाहतां चेहरा बिघडतो तो अंतरामुळें. अर्ध्या मीटरावरून पाहिलें असतां नाक कानापेक्षां बरेंच जवळ पडतें, म्हणून मोठें दिसतें. दोन मीटरांवरून तो फरक फारसा जाणवत नाहीं. रुंद भिंगांत चेहऱ्यानें चौकट भरावयाची तर जवळ जावेंच लागतें, एवढाच काय तो भिंगाचा अपराध. मोबाइलचें मुख्य भिंग बहुधा २४ ते २८ च्या तोडीचें असतें. आजीबाईंना आपला फोटो आवडत नाहीं याचें कारण पुष्कळदां एवढेंच. चार पावलें मागें जाऊन मागाहून कडा कापल्या तरी भागतें.

पैशाचा खरा अपव्यय होतो तो मोठ्या छिद्रापायीं. एफ १.४ चें भिंग महाग आणि जड. कडक उन्हांत, संवेदनक्षमता १०० ठेवल्यास, एफ १६ ला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो, असा जुना आडाखा आहे. तेंच छिद्र १.४ पर्यंत उघडलें तर सेकंदाचा बारा-तेरा हजारावा भाग लागेल, आणि पुष्कळ कॅमेऱ्यांचा पडदा आठ हजाराव्या भागापलीकडे जात नाहीं. ज्यासाठीं दाम मोजले, तें छिद्र उन्हांत मिटूनच ठेवावें लागतें! दिवेलागणीनंतर हिंडणाऱ्यानें तें जरूर घ्यावें. सकाळीं पर्वती चढणाऱ्यास एफ २.८ पुष्कळ झालें.

झूम भिंग प्रवासांत सोयीचें खरें. पण एका जागीं उभें राहून नळी फिरविण्याची संवय लागते, आणि माणसाच्या डोक्यामागून उगवलेला विजेचा खांब जागा बदलल्यावांचून हालत नाहीं. एकच भिंग न्यावयाचें तर तें ३५ चें असावें. त्यांत घरचें माणूस येतें आणि तें जेथें उभें आहे तो ओटा, तें दार, ती गल्लीहि येते. वाडे पडून इमारती उठलेल्या शहरांत जुन्या फोटोंतून माणसाइतकीच ती जागाहि शोधली जाते. निव्वळ चेहऱ्यांचीच आवड असलेल्यानें ५० घ्यावें.

आणि भिंग कोणतेंहि असो, मुंबईंत व कोंकणांत पावसाळ्यांत तें चामड्याच्या पेटींत कोंडून ठेवूं नये. बुरशी चढते, आणि ती फार दिवस राहिली तर कांचेवरचा मुलामा खाते. हवाबंद डबा, त्यांत सिलिका जेलची पुडी, आणि आठवड्यांतून एकदां तरी कॅमेरा बाहेर.