पाणी किती चढलं?

(मंडळाच्या सभेत एका सभासदाने केलेल्या भाषणाचा संक्षेप)



मी मूळचा कोल्हापूरचा. त्यामुळे "पाणी किती चढलं?" हा प्रश्न लहानपणापासून कानात बसलेला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 फुटांवर गेली की धोका, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं. मला वाटायचं, पाणी मोजण्यात काय एवढं? पट्टी लावायची आणि वाचायची!

इथे मेरीलँडमध्ये माझी नोकरी सॉफ्टवेअरची. ओढा हा शनिवारचा उद्योग. आपल्या एलिकॉट सिटीत 30 जुलै 2016 ला आणि पुन्हा 27 मे 2018 ला मेन स्ट्रीटची नदी झाली. पहिल्या वेळी दोन माणसं गेली, दुसऱ्या वेळी एक. लहान ओढा बघता बघता चढतो. पट्टी वाचायला माणूस धाडायला वेळच मिळत नाही. म्हणून आमच्या गल्लीतल्या चौघांनी, रीतसर परवानगी काढून, घरामागच्या ओढ्यात प्रेशर सेन्सर बसवायचं ठरवलं.

आता हा सेन्सर पाण्याची उंची मोजतच नाही बरं का! तो डोक्यावरच्या पाण्याचा दाब मोजतो. एक फूट पाणी म्हणजे चौरस इंचाला 0.433 पौंड दाब. त्यावरून उंचीचा हिशोब. पण पाण्यावर हवाही बसलेली असते, आणि तिचा दाब तब्बल दहा मीटर पाण्याएवढा! तो वजा करायला दोन उपाय आहेत. एक तर केबलमधून बारीक नळी वर हवेत आणायची, आणि तिच्यात दमट हवा शिरू नये म्हणून तोंडाशी सिलिका जेलचे खडे ठेवायचे. नाहीतर काठावर हवेचा दाब मोजणारा दुसरा सेन्सर टांगायचा. हे केलं नाही तर काय होतं? हवेचा दाब 1 मिलिबारने बदलला की आकडा साधारण 1 सेंटिमीटरने हलतो. मोठ्या वादळात दाब 30 मिलिबारने उतरला तर पाणी 30 सेंटिमीटर कमी दिसणार. तेही ऐन वादळात!

जागा निवडणं ही तर कलाच. ऐन उन्हाळ्यातही कोरडा पडणार नाही असा डोह हवा, पण थेट धारेत नको. सेकंदाला एक मीटर वेगाचं पाणी सेन्सरवर आदळलं तर आकडा पाच सेंटिमीटरपर्यंत चुकू शकतो. म्हणून तो भोकं पाडलेल्या पाइपात ठेवतात आणि पाइप खडकाला किंवा पुलाच्या भिंतीला पक्का बोल्ट करतात. शेजारी आपली जुनी पट्टी हवीच.

आम्ही काय केलं? खडकात ड्रिल कोण मारणार, म्हणून पाइप झाडाच्या मुळाला पट्ट्यांनी बांधला. महिने-दोन महिने सगळं झकास. फोनवर आकडे बघून मी खूश!

मग एका रात्री मुसळधार पाऊस झाला. ओढ्याकाठच्या वयस्कर शेजारीणबाई तळघरातलं सामान वर नेत होत्या. त्यांनी फोन करून विचारलं. मी आकडा पाहिला. पाणी एकदम फूटभर उतरलेलं. म्हटलं, "काळजी करू नका, ओसरतंय." त्यांनी सामान तिथेच ठेवलं. तासाभरात तळघरात पाणी शिरलं आणि त्यांच्या दिवंगत यजमानांच्या फोटोंची खोकी भिजली.

सकाळी ओढ्यावर गेलो. वाहत आलेल्या ओंडक्याने पाइप ढकलला होता, पट्टी सरकली होती, आणि सेन्सर फूटभर वर उचलला गेला होता. म्हणजे पाणी उतरलं नव्हतं, सेन्सर चढला होता! यंत्राने दाब अचूक सांगितला होता. पाऊस कोसळत असताना पाणी एकाएकी फूटभर उतरेल कसं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. बाई मला एक शब्दही बोलल्या नाहीत. ते जास्त लागलं.

आता पाइप खडकाला बोल्ट केलाय. जवळच्या पक्क्या खुणेपासून सेन्सरची उंची लेव्हल लावून मोजून ठेवली आहे. दर महिन्याला, आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर, आम्ही पाण्यात उतरून पट्टी वाचतो, सेन्सरच्या आकड्याशी ताडून पाहतो आणि पाइपातला गाळ काढतो. आकडा एकदम उडी मारताना दिसला तर फोनवर कुणाला धीर देण्याआधी सुरक्षित जागेवरून टॉर्च मारून पट्टी बघतो.

वहीत पहिली सही त्या शेजारीणबाईंची असते. पट्टी त्यांच्या अंगणातून दिसते, आणि त्या ती रोज सकाळी कॉफी घेताना वाचतात. आमच्या सगळ्या यंत्रणेत सर्वांत भरवशाचा सेन्सर तोच!

मंडळी, आपल्यापैकी अनेकांच्या घरामागे असा एखादा ओढा असेल. या दिवाळीत पणत्या लावून झाल्या की एकदा तिथवर जाऊन या. पाणी कुठपर्यंत येतं ते बघून ठेवा.