मूळ मोटार आणि अस्सल मोटार

आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं पणजोबांच्या काळची एकादी वस्तु असेल. तिचें कांहीं झिजलें, कांहीं बदललें, तरी ती ‘तीच’ आहे असें आपण मानतों. परंतु तिच्यासाठीं कोणी एक कोटि पौंड मोजूं लागला, म्हणजे ‘तीच कशावरून?’ हा प्रश्न न्यायासनापर्यंत जातो. १९९० सालीं लंडनच्या उच्च न्यायालयांत असाच एक खटला चालला. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

वादाचा विषय होती ‘ओल्ड नंबर वन’ नांवाची बेंटले मोटार. ती ज्या काळांत जन्मली, त्या काळीं मोठ्या मोटारींचे कारखाने बहुधा सांगाडा, इंजिन व चाकें तेवढीं तयार करीत. त्यावरील अंग गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणें दुसरे कारागीर बांधीत. त्यामुळें अशी प्रत्येक मोटार आपल्या परीनें एकुलती एक असे, आणि जुनें अंग उतरवून नवें चढविण्यांत कोणास वावगेंही वाटत नसे.

फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत या मोटारीनें १९२९ व १९३० अशीं लागोपाठ दोन वर्षें जिंकली. दोन्ही वेळां वुल्फ बार्नाटो तिचा चालक होता. जोडीला पहिल्या वर्षीं बर्किन, दुसऱ्या वर्षीं किडस्टन. पण शर्यतीची मोटार म्हणजे देव्हाऱ्यांतील मूर्ति नव्हे. ती मोडते, दुरुस्त होते, पुन्हां धांवते. १९३२ पर्यंत तिचा सांगाडा बदलला होता, आणि साडेसहा लिटरच्या इंजिनाच्या जागीं आठ लिटरचें इंजिन आलें होतें. त्याच वर्षीं इंग्लंडांतील ब्रुकलंड्स येथें, शर्यतीच्या मार्गाच्या उंच कडेवरून ती बाहेर फेकली गेली, आणि चालक क्लाइव्ह डनफी ठार झाला. त्यानंतर तिची पुन्हां बांधणी झाली.

१९९० मध्यें एका कंपनीनें ही मोटार एक कोटि पौंडांस घेण्याचा सौदा केला व मागाहून हात आखडता घेतला. ही ती मोटारच नव्हे, असें तिचें म्हणणें. तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या. १९२९ चें म्हणून खात्रीनें दाखवितां येईल असें जवळजवळ कांहींच उरलें नव्हतें. १९३० चेही मोजकेच भाग निघाले.

न्यायमूर्ति ऑटन यांनीं ‘मूळ’ आणि ‘अस्सल’ या दोन शब्दांतील भेद नेमका ओळखला. ल माँ येथें जिंकलेली मोटार जशीच्या तशी आज नाहीं; म्हणून हिला ‘मूळ’ म्हणतां येणार नाहीं. परंतु ही नक्कलही नव्हे. तिची परंपरा कोठेंही तुटली नाहीं, आणि या नांवावर रास्त हक्क सांगणारी दुसरी मोटारही नाहीं. म्हणून ती अस्सल ठरली, आणि निकाल विक्रेत्याच्या बाजूनें लागला.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथांत भिक्षु नागसेन राजाला विचारतो, आंस म्हणजे रथ काय? चाकें म्हणजे रथ काय? कोणताही एक भाग रथ नव्हे. त्या सर्वांच्या जुळणीला आपण रथ म्हणतों. असें असेल तर एकादा लबाड कारागीर गंजक्या पत्र्यावरील जुना क्रमांक घेऊन त्याच्याभोंवतीं नवी मोटार उभारील आणि अस्सल म्हणून विकील, ही शंका खोटी नाहीं. अशीं प्रकरणें घडलींही आहेत. मग भेद कशांत? माझ्या मतें हेतूंत आणि नोंदींत. या मोटारीचे भाग बदलले ते तिनें धांवावें म्हणून, खरेदीदाराला फसवावें म्हणून नव्हे. आणि कोणता बदल केव्हां झाला, हें शोधूं जातां सांपडलें. लोखंडाहून कागदाची साक्ष येथें मोठी ठरते.

आणखी एक गोष्ट. केवळ १९२९ चेंच लोखंड खरें मानलें, तर क्लाइव्ह डनफी मेला तो कोणत्या मोटारींत? विजय तेवढे तिचे आणि मृत्यु दुसऱ्या कुणाचा, असा हिशेब न्यायाचा नव्हे. अखंड इतिहास मानावयाचा, तर तो सगळाच पदरांत घेतला पाहिजे.

तेव्हां आपल्या घरच्या जुन्या वस्तूची दुरुस्ती कराल, तेव्हां काय बदललें व केव्हां, हें एका चिठ्ठीवर लिहून तिच्याजवळ ठेवा. पुढच्या पिढीला ती वस्तु अस्सल म्हणून सांगतांना त्या चिठ्ठीचाच आधार होईल.