बाळ आईपाशीच राहू द्या

(मदतनीसांच्या सभेत आपल्या परिचारिका भगिनीने जून २०२१ मध्ये केलेले भाषण)



अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात ठाकर आणि महादेव कोळी वाड्यांवर बाळंतिणींना भेटणे हे माझे काम. ते तुमच्या देणग्यांवर चालते. म्हणून या दीड वर्षात आम्ही काय बदलले आणि कुठे चुकलो, याचा हिशेब तुमच्यापुढे ठेवते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. एसटी बंद, जीपा बंद. दवाखान्यात गेले की कोरोना होतो, या भीतीने गरोदर बाया तपासणीला येईनाशा झाल्या. मग आम्ही आशाताईंबरोबर बसून, येत्या तीन महिन्यांत दिवस भरणाऱ्या बायांची यादी केली. प्रत्येक घराशी आधीच ठरवले : १०८ ला फोन कोण करणार, रेंज कुठे मिळते, गाडी वाडीपर्यंत येत नसेल तर सडकेपर्यंत कोण नेणार. तपासणी घराच्या ओट्यावर, मोकळ्या हवेत, एका वेळी एकीचीच.

एवढे जमले. चूक झाली ती बाळंतपणानंतर.

ऑगस्टमध्ये एका वाडीवरची मुलगी दवाखान्यातून बाळ घेऊन घरी आली. बाळ १ किलो ९०० ग्रॅमचे. सहाव्या दिवशी आईला ताप आला, तपासणीत कोरोना निघाला. मी फोनवर सांगितले, "बाळाला आजीकडे द्या, आईपासून लांब ठेवा." कुणी मला तसे सांगितले नव्हते. माझ्या भीतीनेच ते सांगितले.

दोन दिवसांनी गेले, तर बाळ बाटलीने शेळीचे दूध पीत होते. खरे तर पीतच नव्हते. तळपाय गार, रडणे क्षीण. पलीकडच्या खोलीतून आई म्हणाली, "बाई, दूध येतंय, पण द्यायचं कुणाला?"

मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "आईला मास्क लावा, हात साबणाने धुवायला सांगा, बाळ तिच्या उघड्या छातीशी धरा, वरून पांघरूण घाला आणि तसेच घेऊन या." रुग्णवाहिकेत बाळ आईच्या छातीशीच होते. आज ते दहा महिन्यांचे आहे, रांगते.

छातीशी धरण्याच्या या पद्धतीला कांगारू मातृसेवा म्हणतात. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात, काचपेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून डॉक्टरांनी ती सुरू केली. यंदा मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने व तिच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास मांडला. कमी दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळांना ही सेवा सर्वत्र मिळाली, तर १,२५,००० पर्यंत जीव वाचू शकतात. त्यापुढे कोरोनाने बाळ दगावण्याचा धोका फारच थोडा आहे. आईला कोरोना असला तरी मास्क लावून, हात धुऊन तिने अंगावर पाजावे, हा संघटनेचा सल्ला आहे. आई फार आजारी असेल, तर तिचे दूध काढून वाटी-चमच्याने पाजावे.

हे वाडीवर रुजवायला मोठी यंत्रे लागत नाहीत. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले आणि खेड्यातल्या बायांनाच आरोग्यसेविका केले. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या. गावच्या बाईचे गाव ऐकते. म्हणून आता आम्ही आशाताईंबरोबर सुईणींना आणि आज्यांनाही शिकवतो : बाळाचे पाय गार लागले, दूध ओढेनासे झाले, श्वास जोरात चालला, तर थांबायचे नाही, लगेच निघायचे.

आम्हांला साबण, मास्क, झोळीचे वजनकाटे आणि गाडीचे डिझेल हवे आहे. पण त्याहून एक मागणे मोठे आहे. तुमच्या घरात, शेजारी कुणी बाळंतीण आजारी पडली, तर भीतीने तिचे बाळ उचलून नेऊ नका. मी एकदा तसे करायला सांगितले होते. ती चूक आता दुसऱ्या कुणी करू नये, एवढ्यासाठी आज उभी राहिले.

प्रभू तुम्हांला आशीर्वाद देवो.