चौथा गिअर

टेक्सासातून भाच्याचा फोन आला. त्याच्याकडे १९७८चा शेवरोले पिकअप ट्रक आहे. "मामू, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नवा घालू का? अम्मीच्या तिकिटाला ठेवलेले पैसे आहेत."

त्याचा टर्बो-हायड्रॅमॅटिक ३५० हा गिअरबॉक्स तीन गिअरचा. १९८२मध्ये आलेल्या ७००आर४ला चौथाही गिअर आहे. इंजिनाचे मिनिटाला तीन हजार फेरे होत असतील, तर त्याच वेगाला ते एकवीसशेवर येतात. आवाज कमी, पेट्रोलही कमी. पण गिअरबॉक्सबरोबर इतर खर्चही येतात. त्याचा आधार सरकवावा लागतो, कधी प्रॉपेलर शाफ्टची लांबी बदलावी लागते. थ्रॉटलची केबल नीट जुळली नाही, तर नवा गिअरबॉक्सही लवकरच जळतो.

मी विचारले, "रोज किती चालवतोस?"

"चार मैल. गावातल्या गावात."

"गिअर घसरतात? तेलाला जळका वास येतो?"

"नाही. तेल लालच आहे."

म्हटले, "मग तेल आणि फिल्टर बदल. रोज हायवेने साठ मैल जायचे असते, तर हो म्हटले असते. चौथ्या गिअरला लांबचा रस्ता लागतो, बेटा. तो तुझ्या अम्मीला करू दे."