शनिवारी थांबणारा घाणा

करडईचा घाणा आपल्या सोलापूरकरांच्या परिचयाचा.

तिकडे कोकणच्या किनाऱ्यावर,
मराठी बोलणारे बेने इस्रायल, हे यहुदी लोक,
पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळीत;
मात्र शब्बाथाच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, दिवशी घाणा बंद ठेवीत,
म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव पडले.
मिळकत बुडाली तरी,
तो दिवस ईश्वराचा.

ईश्वराकडे परतण्यासाठी यहुदी धर्म पश्चात्तापही सांगतो.
मरणाच्या आदल्या दिवशी पश्चात्ताप करावा,
असे यहुदी धर्मगुरू रब्बी एलिएझर यांनी सांगितले,
तेव्हा शिष्यांनी पृच्छा केली,
की तो दिवस कोणास ठाऊक असतो;
म्हणूनच पश्चात्ताप आज करावा,
हे गुरूंचे उत्तर यहुद्यांच्या तालमूद ग्रंथात नमूद आहे.

आजच, श्रोतेहो, आजच.
उतारवयात हे उत्तर मला फार धीराचे वाटते.

याच पश्चात्तापासाठी बेने इस्रायलांचे पूर्वज प्रायश्चित्तदिनी दारे लावून कडक उपवास करीत,
आणि दुसऱ्या दिवशी आप्तेष्टांच्या भेटी घेत,
गोरगरिबांना दानधर्म करीत.