स्वादुपिंडाचा जुनाट दाह आणि आनुवंशिकता
(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



स्वादुपिंडाच्या जुनाट दाहाच्या सर्व रुग्णांची व त्यांच्या भावंडांची जनुकीय तपासणी करण्यासाठी निधी देण्याची इच्छा काही देणगीदारांनी व्यक्त केली आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रात माझा अधिकार नाही. परंतु निधीचा विनियोग ठरविण्यापूर्वी विषय समजून घेणे आवश्यक होते. आपल्या डॉक्टरांकडून जे समजले, ते निवेदन करतो.

ट्रिप्सिन हे प्रथिने पचविणारे द्रव्य स्वादुपिंडात निष्क्रिय रूपात तयार होते आणि आतड्यात पोहोचल्यावर कार्यरत होते. ते ग्रंथीतच कार्यरत झाले, तर ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या आढळणाऱ्या या रोगामागे ‘पीआरएसएस१’ जनुकातील दोष असल्याचे १९९६ साली सिद्ध झाले. आई किंवा वडील, एकाकडून तो आला तरी पुरतो. अवेळी जागे झालेल्या ट्रिप्सिनला आवर घालणारे प्रथिन ‘स्पिंक१’ हे जनुक घडविते; त्याचा संबंध २००० साली उघड झाला.

आपल्या देशासाठी हा दुसरा शोध अधिक मोलाचा ठरला. तरुण वय, मद्याचा स्पर्श नाही, तरीही स्वादुपिंडात खडे आणि पुढे मधुमेह, असे रुग्ण केरळात डॉ. गीवर्गीस यांनी १९६०च्या दशकात मोठ्या संख्येने पाहिले. त्याचा दोष दीर्घकाळ टॅपिओकाच्या आहाराला दिला जात असे. अशा भारतीय रुग्णांत ‘पीआरएसएस१’ऐवजी ‘स्पिंक१’मधील बदल ठळकपणे आढळतो, हे हैदराबादच्या संशोधकांनी २००२ साली दाखविले. “किती पीत होता?” हा प्रश्न ज्या मातांना नातेवाइकांकडून वारंवार ऐकावा लागला, त्यांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे.

मात्र हाच बदल निरोगी माणसांतही शंभरात सुमारे दोघांजवळ असतो आणि त्यांतील बहुतेकांना हा रोग कधीच होत नाही. हिशेबनिसाच्या भाषेत, ताळेबंदाखालच्या टिपेत नोंदवायचे हे संभाव्य दायित्व आहे. प्रत्यक्ष देणे नव्हे. लग्नाच्या वयाच्या निरोगी बहिणीच्या हाती असा अहवाल दिला, तर उपचार काही बदलणार नाही. स्थळे मात्र परत जातील. हा धोका मला खर्चाहून मोठा वाटतो.

म्हणून तपासणीची सोय लहान वयात रोग सुरू झालेल्या किंवा घरात एकाहून अधिक रुग्ण असलेल्या कुटुंबांपुरती ठेवावी व तीही समुपदेशनासह, असे डॉक्टरांचे मत आहे. धूम्रपान व मद्य सोडण्याचा सल्ला तर जनुके कोणतीही असोत, सर्वांनाच लागू आहे.

उर्वरित रक्कम प्रत्येक जेवणाबरोबर घ्यावयाच्या पाचक विकरांच्या कॅप्सूल आणि इन्सुलिन यांसाठी रुग्ण साहाय्य निधीत वर्ग करावी, अशी माझी विनंती आहे. ही औषधे बहुधा आयुष्यभर लागतात. महिनाअखेरीस पैसे संपले की प्रथम कॅप्सूल बंद होतात, अन्न पचत नाही आणि वजन घटू लागते. विश्वस्त मंडळाने या प्रस्तावास मान्यता द्यावी, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.