दयेला मोजमाप हवे : कृश शिंगराचे संगोपन

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



जीवदया या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी विश्वस्तांची इच्छा आहे. विषय सागरासारखा विशाल आहे. मी पशुवैद्य नाही; वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने कापडाचा व्यापारी आहे. परंतु अश्वपालनाची आवड लहानपणापासून असल्याने जाणकार मोतद्दार आणि पशुवैद्य यांचा सहवास मला पुष्कळ लाभला. म्हणून या विशाल विषयातील एकच छोटा प्रश्न आज आपल्यापुढे मांडतो. अशक्त, हाडे दिसू लागलेले एखादे शिंगरू आपल्या आश्रयाला आले, तर त्याच्या अंगावर मांस चढावे कसे?

आपल्या खानदेशात तापीकाठी सारंगखेड्यास दत्तजयंतीपासून घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मारवाडी, काठेवाडी जातींची उमदी जनावरे तेथे पाहावयास मिळतात. परंतु कोणत्याही बाजारात सर्वच जनावरे सुदैवी नसतात. लवकर दूध तुटलेले, लांबच्या प्रवासाने थकलेले, जंतांनी पोखरलेले शिंगरू कधी अपुऱ्या किमतीला विकले जाते, तर कधी पांजरपोळाच्या दारात येऊन उभे राहते. त्याला पाहताच आपले अंतःकरण द्रवते. कोणी गूळ आणतो, कोणी भिजवलेले हरभरे, कोणी पोळ्या, तर कोणी शिरा. भावना निर्मळ असते, पण नेमका येथेच धोका असतो.

गाय आणि घोडा एकाच आवारात उभे असले, तरी त्यांची पचनसंस्था भिन्न आहे. गाय रवंथ करते. घोड्याचे जठर देहमानाने लहान असते, त्याला ओकारी होत नाही आणि चाऱ्याचे खरे पचन पुढे मोठ्या आतड्यातील सूक्ष्म जीवांच्या साहाय्याने होते. एकदम पोटात गेलेले धान्य आणि गूळ या सूक्ष्म जीवांचा समतोल बिघडवतात. त्यातून पोटशूळ उद्भवतो, खुरांच्या आतील भागास दाह होतो आणि प्रसंगी जनावर दगावते. दुसरी गोष्टही गोशाळेच्या कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावी. कोंबड्यांच्या आणि काही गुरांच्या तयार खाद्यात मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. ते घोड्यास अल्प प्रमाणातही प्राणघातक ठरते. म्हणून गाईंच्या गव्हाणीतील पेंड घोड्यापुढे कधीही टाकू नये.

जे जनावर केवळ बारीक नाही, तर आठवडेच्या आठवडे उपाशी राहून सांगाडा झाले आहे, त्याची काळजी तर अधिकच नाजूक असते. दीर्घ उपासानंतर धान्य मिळाले की रक्तातील साखर वाढते, इन्सुलिन स्रवते आणि फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम ही द्रव्ये रक्तातून एकदम पेशींत ओढली जातात. हृदय आणि श्वसन यांवर आघात होतो. खाऊ लागलेले घोडे काही दिवसांनी अचानक कोसळते, ते यामुळे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी या विषयाचा अभ्यास करून लसूण घासाचा वाळलेला चारा सर्वांत सुरक्षित ठरविला. सुमारे ४५० किलोच्या घोड्यास पहिले तीन दिवस दर चार तासांनी केवळ अर्धा किलो, पुढे हळूहळू वाढ आणि सुमारे दहा दिवसांनी पोटभर, असा तो क्रम आहे. शिंगरास त्याच्या वजनाच्या प्रमाणात याहून कमी द्यावे, तेही पशुवैद्याच्या देखरेखीखाली. या काळात चंदी मुळीच देऊ नये.

आता केवळ बारीक असलेल्या शिंगराकडे वळू. प्रथम कारण शोधावे. कारण न शोधता खुराक वाढविणे म्हणजे फाटक्या पोत्यात धान्य भरणे होय. नवे जनावर आल्याबरोबर ते इतरांपासून वेगळे ठेवावे आणि त्याचे रक्त तपासून घ्यावे. ग्लँडर्स हा घोड्यांचा भयंकर रोग माणसासही होतो. त्याचा संशय आल्यास शासनाच्या पशुसंवर्धन खात्यास कळविणे बंधनकारक आहे. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात या रोगाच्या तपासणीची सोय आहे. चावऱ्या माश्यांमुळे पसरणारा सर्रा हाही अधूनमधून ताप आणून जनावरास झिजवीत राहतो. त्यानंतर लीद तपासावी. लहान वयात गोल जंतांचा उपद्रव फार असतो. परंतु आतड्यात त्यांची गर्दी असताना तीव्र औषध दिल्यास मेलेल्या जंतांचा गोळा होऊन आतडे तुंबू शकते. औषध कोणते आणि किती, हे पशुवैद्यानेच ठरवावे. शेवटी दात पाहावेत. अडीच ते साडेचार वर्षांच्या काळात दुधाच्या दाढा पडतात. त्या अडकून राहिल्यास चावताना वेदना होतात आणि चघळलेला चारा तोंडातून गळू लागतो.

हे झाल्यावर खुराकाकडे यावे. समजा, शिंगरू दीड वर्षाचे असून त्याचे वजन २२० किलो आहे. त्याला दिवसाकाठी वजनाच्या दोन ते अडीच टक्के, म्हणजे साडेचार ते साडेपाच किलो सुका चारा लागतो. त्यात चांगले वाळलेले गवत मुख्य असावे आणि लसूण घासाचा भाग असावा. जवळ स्वच्छ पाणी आणि मीठ सदैव हवे. चंदीची सुरुवात सकाळ-संध्याकाळ पाव पाव किलोने करावी. कोणताही बदल सात ते दहा दिवसांत क्रमाक्रमाने करावा. एका वेळची चंदी शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्यापुढे, म्हणजे येथे सुमारे एक किलोच्या पुढे, कधीही जाऊ नये.

केवळ धान्याने चरबी चढते. स्नायू घडण्यास उत्तम प्रथिने लागतात. लायसिन हे प्रथिनघटक वाढत्या घोड्यास विशेष आवश्यक असते. ते लसूण घास, भिजवून शिजविलेला हरभरा आणि उष्णतेने प्रक्रिया केलेली सोयाबीन पेंड यांतून मिळते. कच्चे सोयाबीन देऊ नये. आपल्याकडे गव्हाच्या कोंड्याचे प्रस्थ फार आहे. परंतु कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पटींनी अधिक असतो. त्यावरच वाढविलेल्या शिंगराची हाडे दुबळी होतात. म्हणून कोंडा बेताने द्यावा आणि योग्य खनिज मिश्रण वैद्याच्या सल्ल्याने जोडावे.

बंधूंनो, खाऊ घातल्याने वजन वाढते, स्नायू मात्र श्रमाने येतात. वजन वाढू लागल्यावर मोकळ्या आवारात बागडणे, दोर धरून दहा-पंधरा मिनिटे चालविणे आणि पुढे सौम्य चढ-उतार, एवढेच आरंभी पुरे असते. स्वारी किंवा गाडी यांची घाई नको. पुढच्या पायाच्या गुडघ्याजवळील हाडांची वाढ सुमारे अडीच वर्षांपर्यंत आणि पाठीच्या कण्याची वाढ त्यानंतरही कित्येक वर्षे चालते. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत अन्नपाननिरोध आहे, तसाच अतिभारारोपणही आहे. उपाशी शिंगरास खाऊ घालून पहिल्या दोषाचे परिमार्जन करावे आणि अकाली पाठीवर बसून दुसरा पदरी घ्यावा, असे होऊ नये. भरमसाट खुराकाने झपाट्याने वजन वाढविणेही अहितकारक असते. त्यामुळे वाढत्या हाडांची टोके सुजतात आणि पाय वाकडे होतात.

प्रगती डोळ्यांनी नव्हे, मापाने पाहावी. डोन हेनेके यांनी १९८३ साली एक ते नऊ अंकांची देहमानपट्टी प्रसिद्ध केली. मान, खांदा, बरगड्या, कणा आणि शेपटीचे मूळ हाताने चाचपून अंक द्यावयाचा असतो. बरगड्या दिसत नाहीत, पण हाताला सहज लागतात, तो पाच अंक. त्याच्या जोडीला दर पंधरा दिवसांनी, त्याच वेळी, पुढच्या पायांमागून छातीचा घेर फितीने मोजावा आणि वहीत लिहावा. आम्हा व्यापाऱ्यांना हे काम अवघड नाही. अंक एकाने वाढण्यास दोन-तीन महिने सहज लागतात. पंधरा दिवसांत घोडे तयार करून देतो, असे म्हणणाऱ्यापासून दूर राहावे.

आपणा दानशूर बांधवांना माझी नम्र विनंती एवढीच आहे. पर्वाच्या दिवशी गूळ-शिऱ्याची ताटे घेऊन येण्याऐवजी एका शिंगराच्या महिन्याच्या लसूण घासाचा भार उचलावा. लीद आणि रक्त यांच्या तपासणीचा, दात पाहणाऱ्या वैद्याचा किंवा खुरे नीट करणाऱ्या नालबंदाचा खर्च द्यावा. या दानाचे छायाचित्र निघत नाही, पण जीव वाचतो. संस्थेने प्रत्येक जनावरासाठी एक वही ठेवावी आणि ती देणगीदारांना पाहू द्यावी, म्हणजे आपल्या पैशाने त्या जिवाच्या अंगावर काय चढले, हे प्रत्येकाला कळेल.

करुणा अंतःकरणात असावी आणि तराजू हातात असावा. दोन्ही एकत्र आले, म्हणजेच जीवदया सफल होते.